खोटी सनद, खरे घोडे : ‘द नाइट रायडर्स’

एक बनावट सनद, ती खरी धरून चालणारं सरकार आणि त्यापायी घरादाराला मुकलेले गुराखी. ‘द नाइट रायडर्स’ची गोष्ट एवढीच, आणि ती साधारण 56 मिनिटांत सांगून होते. रिपब्लिक पिक्चर्स या हॉलिवुडमधल्या काटकसरी कंपनीने हा कृष्णधवल चित्रपट एप्रिल 1939 मध्ये प्रदर्शित केला. दिग्दर्शक जॉर्ज शर्मन, पटकथा बेटी बरब्रिज आणि स्टॅन्ली रॉबर्ट्स यांची, मुख्य भूमिकेत जॉन वेन. ‘घोडे पळतात, बंदुका वाजतात, संपलं’ एवढंच ज्यांचं स्वस्तातल्या वेस्टर्नपटांबद्दल मत आहे, त्यांनी सुरुवात इथून करावी. घोडे इथेही पळतात, पण ते का पळतात याचं कारण एका कागदात आहे, आणि तो कागद या चित्रपटाला चांगला कळलाय.

टॅलबट हा पत्त्यांत लबाडी करणारा जुगारी. त्याची गाठ जुने दस्तऐवज हुबेहूब उतरवणाऱ्या एका कसबी माणसाशी पडते. दोघं मिळून स्पॅनिश अमदानीतली जमिनीची सनद तयार करतात, टॅलबट तिचा वारस ‘डॉन लुईस दे सेरानो’ बनतो आणि 1 कोटी 30 लाख एकरांवर हक्क सांगतो. आकडा डोळ्यांपुढे येत नसेल तर पुणे जिल्हा घ्या. त्याचं क्षेत्रफळ 15,643 चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण 38 लाख 65 हजार एकर. जुन्नरपासून इंदापूरपर्यंतचा अख्खा जिल्हा तीनदा मांडा आणि वर आणखी एक तृतीयांश ठेवा, एवढा मुलूख एका कागदावर. हक्क मान्य होतो, मग कर बसतात, न भरणाऱ्याचं बिऱ्हाड रस्त्यावर येतं आणि वसुलीला डॉनची स्वतःची माणसं फिरू लागतात. स्टोनी (वेन), टूसॉन आणि ललबाय या आपल्या तीन नायकांच्या रँचवरही टाच येते.

पुण्यातल्या प्रेक्षकाला हे समजावून द्यायची गरज नाही. या गावात पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल बांधून ठेवलेत. 1852 च्या इनाम कमिशनने दख्खनच्या इनामदारांना ‘सनद दाखवा, नाहीतर इनाम सोडा’ म्हणून दारात उभं केलं होतं. आजही फ्लॅट घेताना सातबारा, फेरफार, इंडेक्स टू आणि कुलमुखत्यारपत्र तपासताना वकील ज्या चेहऱ्याने पानं उलटतो, तो चेहरा आठवला की टॅलबटचा डाव पहिल्या झटक्यात कळतो. अमेरिकन प्रेक्षकाला मात्र विचारावं लागतं, की स्पेनच्या राजाचा कागद अमेरिकेत चालतोच कसा? उत्तर 1848 च्या तहात आहे. मेक्सिकोकडून एवढा मोठा प्रदेश घेताना अमेरिकेने तिथल्या लोकांच्या आधीच्या मालमत्तेचा मान राखायचं कबूल केलं होतं. पुढे 1853 च्या करारात ॲरिझोनाचा दक्षिण भाग विकत घेतला, तेव्हाही तीच अट पुढे आली. त्यामुळे जुनी सनद खरी ठरली तर मधल्या सगळ्या खरेदी-विक्रीवर पाणी. टॅलबट नेमकं हेच वापरतो.

ही गोष्ट हवेतून आलेली नाही. जेम्स ॲडिसन रीव्हिस नावाच्या माणसाने ॲरिझोनात हा उद्योग खरोखर केला होता. 1883 मध्ये त्याने टूसॉनच्या सर्वेक्षण कार्यालयात ‘पेराल्टा’ सनदेचा दावा दाखल केला. क्षेत्र सुमारे 18,600 चौरस मैल, म्हणजे 1 कोटी 19 लाख एकरांच्या आसपास. चित्रपटाने आकडा थोडा फुगवलाय, पण फार नाही. रीव्हिसची खरी करामत अशी, की तो केवळ एक सनद रंगवून थांबला नाही. मूळ कागद खोटा असला तरी दफ्तरातली नोंद त्याच्याशी जुळली पाहिजे, हे त्याने ओळखलं होतं. म्हणून मेक्सिकोतल्या आणि स्पेनमधल्या दफ्तरखान्यांत जाऊन त्याने जुन्या बाडांत आपली पानं घुसवली. ज्या मुलीशी लग्न केलं, तिला सनदेची वारस ठरवायला चर्चच्या नोंदवहीत तिचा जन्मही घुसवला. दावा अजून मंजूर व्हायचा होता, तेवढ्यात लोकांकडून ‘आमचा हक्क सोडला’ अशा लेखी कागदांचे पैसे घ्यायला सुरुवात केली. सदर्न पॅसिफिक रेल्वेने 50,000 डॉलर मोजले.

फसला तोही कागदावरच. सर्वेक्षण अधिकारी रॉयल जॉन्सन याने 1889 मध्ये अहवाल दिला. पिसाच्या लेखणीच्या काळातला म्हणून दाखवलेला मजकूर लोखंडी टाकाने लिहिलेला निघाला. पिसाचा टाक दाब पडेल तसा हळूहळू रुंद होतो, त्याची रेघ मऊ असते. पोलादी निबेची रेघ कडेला खरवडते. मोडी कागद हाताळणाऱ्या कुणालाही हा फरक सांगावा लागणार नाही, बोरूची रेघ आणि निबेची रेघ आपण डोळे मिटूनही ओळखतो. जोडीला स्पॅनिशमधल्या चुका. 1895 मध्ये खास जमीनदाव्यांसाठी नेमलेल्या न्यायालयाने दावा फेटाळला, 1896 मध्ये रीव्हिसला दोन वर्षांची कैद आणि 5,000 डॉलर दंड झाला.

या इतिहासातलं किती पडद्यावर आलंय? सनद, वारसाचं सोंग आणि कर एवढं आलंय. दफ्तरातली घुसखोरी, जी खरी मेजवानी होती, ती 56 मिनिटांत मावणार नव्हती. काळाचीही सरमिसळ आहे. चित्रपटात राष्ट्राध्यक्ष गारफील्ड येतात, पण गारफील्ड यांच्यावर 2 जुलै 1881 रोजी गोळी झाडली गेली आणि सप्टेंबरमध्ये ते गेले. रीव्हिसने दावा ठोकला तो त्यानंतर दोन वर्षांनी. पटकथाकारांना एवढी मोकळीक द्यायला हरकत नाही, कारण त्या बदलामुळे चित्रपटातलं सगळ्यात टोकदार दुखणं पुढे येतं: कायदा खोट्या माणसाच्या बाजूला उभा आहे आणि देशाचा सर्वोच्च माणूसही तो कायदा मोडू शकत नाही. जुलूम करणारा दरोडेखोर असता तर शेरीफला बोलावलं असतं. इथे शेरीफच डॉनचा हुकूम बजावायला बांधलेला.

खलनायक म्हणून जॉर्ज डग्लसचा टॅलबट मला फार आवडला. मराठी प्रेक्षकाला तो सालोमालोचा भाऊबंद वाटेल. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो; हा गडी दुसऱ्याचा अख्खा मुलूख खपवतो. दोघांनाही खरी भूक मानाची आहे. टॅलबटला पैसा हवाच आहे, पण त्याहून जास्त ‘डॉन’ म्हणवून घ्यायचंय.

आता मुखवट्यांकडे. कायद्याने हात बांधलेत म्हटल्यावर तिघं मित्र बुरखा आणि झगा चढवून रात्री वसुलीवाल्यांना गाठू लागतात. झुंजार आणि काळापहाड वाचून वाढलेल्यांना हा भाग आवडणार. पण चित्रपट इथे सैल पडतो. सुरुवातीला ज्या कागदाने आपल्याला गुंतवलं, तो बाजूला पडतो आणि छापा, पाठलाग, सुटका असं नेहमीचं चक्र चालू होतं. हाणामारीतून पुरावा कसा उभा राहणार, हा प्रश्न चित्रपट स्वतःला पुरेसा विचारत नाही. शिवाय ‘नाइट रायडर्स’ हे नाव अमेरिकेत निरागस नाही. यादवी युद्धानंतर दक्षिणेत रात्री बुरखे घालून कृष्णवर्णीयांना दहशत घालणाऱ्या टोळ्यांना हेच नाव होतं. 1939 च्या लहान गावातल्या प्रेक्षकाला ते ऐकू आलं असणारच. चित्रपटाने ते नाव जुलमाच्या विरुद्ध बाजूला नेऊन ठेवलंय, तरी आज बघताना तो बुरखा थोडा टोचतो. मुलांसोबत पाहत असाल तर हे आधी सांगून टाकावं.

हे तिघं म्हणजे ‘थ्री मेस्क्विटीअर्स’. विल्यम कोल्ट मॅकडोनाल्ड या लेखकाची ही पात्रं, आणि रिपब्लिकने 1936 ते 1943 या काळात त्यांच्यावर 51 चित्रपट काढले. वेन त्यातल्या आठांत स्टोनी ब्रुक झाला, हा त्यातला पाचवा. आठही शर्मननेच दिग्दर्शित केले. मालिकेतला काळ हा एक वेगळाच गमतीचा विषय आहे: एका चित्रपटात विमानं उडतात, दुसऱ्यात गारफील्ड जिवंत आहेत, आणि तेच तीन गडी दोन्हीकडे त्याच टोप्या घालून हजर. कुणी प्रेक्षकाने तक्रार केली असेल तर ती कंपनीने मनावर घेतलेली दिसत नाही. टूसॉन स्मिथ झालेला रे कॉरिगन अंगापिंडाने भरदार, स्वतः कसरती करणारा. सिमी व्हॅलीत त्याची चित्रीकरणासाठी भाड्याने द्यायची रँच होती, म्हणजे नट आणि लोकेशनचा मालक एकच. ललबाय जॉस्लिन होणारा मॅक्स टर्ह्यून रंगमंचावरून आलेला शब्दभ्रमकार आणि पत्त्यांचा जादूगार. विनोद त्याच्या वाट्याला, आणि तो विनोद आज निम्मा चालतो.

डॉनच्या माणसांत टॉम टायलरकडे लक्ष ठेवा. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या ‘स्टेजकोच’मध्येही तो वेनच्या विरुद्ध उभा होता. पुढे 1941 पासून तोच या मालिकेत स्टोनी झाला. शेरीफच्या भूमिकेतला कर्मिट मेनार्ड हा केन मेनार्ड या ताऱ्याचा भाऊ, घोड्यावर बहुधा या सगळ्यांपेक्षा सरस. डोरीन मॅके आणि रूथ रॉजर्स यांना करण्यासारखं फार काही नाही, ती त्या काळच्या पटकथेची मर्यादा. आणि वेन? ‘स्टेजकोच’ने तो नुकताच मोठा झाला होता, पण रिपब्लिकशी करार बाकी होता, म्हणून इथे परत. चेहऱ्यावर त्याचा राग कुठेही नाही. तो कमी बोलतो, दारातून आत येताना अर्धा क्षण थांबतो, आणि तेवढ्यात खोलीतली सत्ता बदलते. पुढच्या तीस वर्षांचा वेन या थांबण्यात दिसतो.

बजेट कुठे वाचवलं ते पाहायला हा चित्रपट उत्तम. 35 मिलिमीटरची फिल्म 24 फ्रेमच्या वेगाने मिनिटाला 90 फूट जाते, म्हणजे 56 मिनिटांना साधारण 5,040 फूट. एवढी फिल्म सहा डब्यांत बसते. दोन चित्रपटांच्या एकाच खेळात दुसऱ्या नंबरला लावायचा माल असल्याने ही लांबी ठरलेली होती. घोडेस्वारीची रात्र अशा चित्रपटांत भर उन्हातच उरकायची रीत होती: लेन्सवर लाल काच लावली की निळं आकाश काळवंडतं, वर फिल्मला उजेड कमी द्यायचा.   चोरी पकडायची असेल तर दिव्याकडे बघा: खिडकीत कंदील असतो, पण त्याचा उजेड बाहेरच्या जमिनीवर उमटत नाही, कारण खरा उजेड सूर्याचा असतो.

पाठलाग जलद दिसण्यासाठी कॅमेरा 24 ऐवजी 20 फ्रेमवर चालवत. पडद्यावर घोडा वीस टक्के जास्त वेगाने धावतो. मात्र धूळही वीस टक्के जास्त वेगाने खाली बसते, आणि स्वाराचे कोपर शिवणयंत्रासारखे हलतात. तिथे ही युक्ती उघडी पडते. मारामारीत मात्र रिपब्लिकचा हात कुणी धरत नसे. स्टंटमन याकिमा कनट आणि वेन यांनी ठोसा मारायची जी पद्धत बसवली, तीत कॅमेरा एकाच्या खांद्यामागे ठेवतात आणि मूठ हनुवटीच्या पुढून निघून जाते. कॅमेरा दोन हात बाजूला सरकला तर मधली फट दिसते, म्हणून या मारामाऱ्या जवळजवळ नेहमी त्याच कोनातून दिसतील. त्याआधी नट एकमेकांच्या खांद्यांवर मारत, आणि ते तसंच दिसे.

घोडा धावता धावता कोलमडतो ते दृश्य बघवत नसेल तर तुमचं चुकत नाही. त्या काळी घोड्याच्या पुढच्या पायांना तार बांधून त्याला पाडत, आणि त्यात जनावरं मरत. 1939 च्याच एका मोठ्या वेस्टर्नमध्ये कड्यावरून पाडलेला घोडा मेल्यावर गदारोळ झाला, आणि 1940 पासून चित्रीकरणावर प्राणिमित्र संस्थेची देखरेख सुरू झाली. हा चित्रपट त्या आधीचा.

बंदुकांच्या बाबतीत या जातीच्या चित्रपटांत बेपर्वाई ठरलेली. 1880 च्या दशकातली गोष्ट असली तरी हातात बऱ्याचदा 1892 च्या मॉडेलची विंचेस्टर असते, कारण सामानवाल्याकडे तीच ढिगाने होती. कमरेच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या मावतात, जाणता माणूस घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच भरतो. (हा घोडा बंदुकीचा, खालचा नव्हे.) पडद्यावर किती वाजतात ते मोजायचा खेळ घरातल्या पोरांना द्या, तास मजेत जातो.

1939 मध्येच इकडे प्रभातनगरात ‘माणूस’ तयार होत होता. 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आलेल्या प्रभातकडेही स्वतःचा स्टुडिओ, स्वतःची प्रयोगशाळा आणि पगारी कलावंत होते, रिपब्लिकसारखंच. फरक हिशेबात. प्रभात वर्षाला मोजके चित्रपट काढून प्रत्येकावर जीव ओतत असे. रिपब्लिक डझनांनी काढत असे. म्हणून रिपब्लिकच्या चौकटीत भव्य सेट शोधू नका. तिथे कस लागतो तो वेगाचा: दृश्य उशिरा सुरू करायचं, लवकर तोडायचं, समजावून सांगायला कुणाला उभं करायचं नाही. लॉ कॉलेज रोडच्या परिसरात संकलन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी या एका गोष्टीसाठी तरी हा चित्रपट कागद-पेन्सिल घेऊन पाहावा.

विकत घेताना किंवा ऑनलाइन लावताना आधी लांबी तपासा. 53-54 मिनिटं दिसली तर दोन शक्यता. रिपब्लिकने पुढे टीव्हीच्या तासाभराच्या खाचेत बसवायला आपले बरेच वेस्टर्न त्या लांबीला कापले होते, ती कापलेली प्रत असेल. किंवा युरोपीय डिस्क असेल, जिथे 24 फ्रेम 25 च्या वेगाने जातात, लांबी चार टक्के घटते आणि 56 मिनिटांची 53 मिनिटं 46 सेकंद होतात. दुसऱ्यात कापाकापी नसते, फक्त वेनचा आवाज किंचित चढलेला ऐकू येतो. अमेरिकन डीव्हीडी प्रदेश (रीजन कोड) 1 ची असते, आपल्याकडचे प्लेअर प्रदेश 5 चे. ब्लू-रेला तिकडे ए, इकडे सी. प्लेअर सगळे प्रदेश वाचणारा नसेल तर डिस्क चहाच्या कपाखाली ठेवायच्या कामाची.

चित्राची चौकट 1.37 ला 1 आहे, म्हणजे जवळजवळ चौकोनी. टीव्ही ती ताणून रुंद करतो, मग घोडे डॅशहुंडसारखे दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन 4:3 किंवा ‘मूळ आकार’ निवडा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. रात्रीची दृश्यं काळोखी वाटली म्हणून ब्राइटनेस वाढवलात, तर लाल काचेची सगळी मेहनत वाया आणि दुपार परत. सोसायटीच्या हॉलमध्ये 100 इंची पडद्यावर लावणार असाल तर हिशेब असा: पडद्याची उंची 49 इंच, त्यात या चित्राची रुंदी 67 इंच भरेल, म्हणजे प्रत्यक्षात कर्ण 83 इंच. शेवटच्या रांगेतल्या आजोबांची खुर्ची त्या मापाने पुढे घ्या. आवाज एकाच वाहिनीचा आहे. स्पीकरचे ‘सराउंड’ प्रकार लावले की संवाद बादलीतून आल्यासारखे येतात.

इंग्रजी उच्चार जुने आणि घाईचे, तेव्हा मराठी उपशीर्षकं करून घेतलीत तर ज्येष्ठांना सोपं जातं. फाइल युटीएफ-8 मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं येतात. कित्येक टीव्ही जोडाक्षरं आणि वेलांट्या फोडून दाखवतात, म्हणून उपशीर्षकं चित्रातच कायमची बसवलेली प्रत करणं बरं, आणि ती कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर पाहून घ्या. ‘लँड ग्रँट’ला सनद किंवा इनाम लिहा, ‘टॅक्स’ला सारा. ‘अनुदान’ लिहिलंत तर सगळी गोष्ट कृषी खात्याची होऊन बसेल.

पाचपैकी साडेतीन. मध्यंतर ठेवू नका, 56 मिनिटांत ते बसत नाही. चहा आधीच द्या.